वीतभर रणगाड्याचा दसरा

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली हत्तींची मिरवणूक सुमारे पाच किलोमीटर चालून बन्नीमंटपला पोचते. बन्नी म्हणजे आपली शमी. अज्ञातवासात जाताना पांडवांनी शमीवर शस्त्रे लपवली होती, म्हणून इथे त्या झाडाची पूजा. रात्री बन्नीमंटपच्या मैदानावर मशालींची कवायत रंगते. पण म्हैसूरचा दसरा रस्त्यावर जितका, तितकाच घरातही असतो. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, हा तिथला ‘गोंबे हब्ब’. राजा-राणीच्या लाकडी जोडीखाली लग्नाची वरात येते, बाजार येतो आणि हौस असेल तर सैन्यही.

अशा सैन्यात स्वतःच्या हाताने जोडलेला प्लॅस्टिकचा रणगाडा ठेवायचा झाला, तर कोणता ठेवावा? मराठी घराला एक नाव जवळचे आहे, ‘फामागुस्ता’. सायप्रसमधल्या एका बंदराचे हे नाव पूना हॉर्स रेजिमेंटच्या एका सेंचुरियन रणगाड्याला दिले होते. त्याचे प्रमुख होते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, 14 ऑक्टोबर 1950चा. सैन्यात अधिकारी होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत रणगाड्याने पेट घेतला आणि तो सोडून देण्याचा हुकूम वायरलेसवर आला. आपली तोफ अजून चालते आहे, असे कळवून त्यांनी लढाई सुरू ठेवली आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. तो रणगाडा दुरुस्त करून अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्याच शहरात 1994 साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालयही आहे. जोडायला बसण्याआधी मुलांना तिथे एकदा जरूर न्यावे. पोलादाची जाडी चित्रात कळत नाही.

या छंदात सर्वांत रुळलेले माप 1:35, म्हणजे मूळ वस्तूच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे. हा आकडा आला कुठून? 1960च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याचा संच काढला. त्याच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या बसाव्यात, म्हणून जो आकार ठरला तो 35ला जुळला. बॅटऱ्या पुढे गेल्या, माप राहिले! या मापात साडेसात मीटरचा सेंचुरियन साडेएकवीस सेंटिमीटरचा होतो, अगदी वीतभर.

खोक्यात रणगाडा नसतो, प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग असतात. ते हाताने मोडून काढू नयेत. कटरने कापावेत आणि उरलेला उंचवटा बारीक पॉलिश पेपरने घासावा. आधी चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्याव्यात, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग सुटतो. चाकांपाशी धीराची परीक्षा असते. सेंचुरियनला एका बाजूला सहा चाके, प्रत्येक चाक दुहेरी. म्हणजे चोवीस चकत्या घासायच्या. हा गोंद नेहमीसारखा नुसता चिकटवत नाही, तो प्लॅस्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून थेंबभरच लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कापणे आणि गोंद ही कामे मोठ्यांनीच करावीत. पॉलिश पेपर लहानांच्या हाती द्यायला हरकत नाही.

रंग एकदम जाड दिला की कोरीव बारकावे बुजतात. पातळ थर दोन-तीनदा द्यावेत. सगळ्यात जास्त फसगत होते ती चिखल दाखवताना. अंगणातली वाळू चाकांवर चिकटवली तर काय होते? एक मिलिमीटरचा कण या मापात साडेतीन सेंटिमीटरचा दगड ठरतो. त्यापेक्षा खडूची वस्त्रगाळ पूड रंगात कालवलेली बरी.

संचातल्या खुणा बहुधा ब्रिटिश सैन्याच्या असतात. त्या लावून वर ‘फामागुस्ता’ लिहायचे, हे काही खरे नाही. जुनी छायाचित्रे पाहून भारतीय खुणा बारीक कुंचल्याने काढाव्यात. त्यातही आणखी एक प्रश्न उरतो: त्या दिवशीच्या सकाळचा रणगाडा करायचा, की आग लागल्यानंतरचा? पहिला निर्णय घेतला तर काम रंगाचे. दुसरा घेतला तर काजळीचे, आणि ते पायऱ्यांवर बाहुल्यांच्या शेजारी ठेवावे का, याचा घरात विचार व्हायला हवा. आत चार माणसे होती, हे मुलांना सांगूनच तो व्हावा.

बुरुजाची झाकणे उघडी ठेवायची की बंद, हेही गोंद लावण्याआधीच ठरवावे. उघडी ठेवलीत तर आतला रिकामा पोकळ भाग दिसतो, तिथे जेमतेम पाच सेंटिमीटरचा एक माणूस उभा करावा लागतो.