गडग्यापलीकडचं ग्रीन

जूनमधली संध्याकाळ, साडेपाच वाजलेत. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या वेस्ट लिंक्स या गोल्फ मैदानावर पहिल्या टीपाशी आम्ही चौघे उभे आहोत आणि वारा थेट तोंडावर येतोय. डॉक्टर, पुण्याहून सुट्टीला आलेला त्यांचा भाचा, त्यांचे शेजारी आणि मी. शेजारी निवृत्त स्कॉटिश शिक्षक, म्हणून आमच्यात त्यांचं नाव मास्तर. भाचा जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढतो.

"मामा, हा उन्हाळा?"

"हाच. जपून वापर."

पैज ठरते: मामा-भाचे एकीकडे, मास्तर आणि मी दुसरीकडे. हरणाऱ्यांनी फिश अँड चिप्स द्यायचे.

उजव्या हाताला समुद्र आहे. मी वेंगुर्ल्याकडचा, त्यामुळे लिंक्स म्हणजे काय हे मला कुणी समजवावं लागलं नाही. पुळण आणि शेत यांच्यामधली, नांगराला निरुपयोगी अशी वाळूची उंचसखल पट्टी. आमच्याकडे तिथे सुरू लावतात, जाळी वाळत घालतात. इथे १८३२ पासून गोल्फ क्लब आहे. पाऊस पडला तरी वाळू पाणी पिऊन टाकते. गवत केसासारखं बारीक आणि आखूड, उन्हाने पिवळं पडलेलं. खालची जमीन शेणाने सारवलेल्या खळ्यासारखी टणक.

दुसऱ्या होलचं नावच 'सी'. डॉक्टरांचा चेंडू वाऱ्यावर स्वार होतो आणि पुळणीवर जाऊन पडतो. पुळण इथे हद्दीबाहेर धरत नाहीत. डॉक्टर निमूट खाली उतरतात. किल्ला बांधणारी दोन पोरं फावडी थांबवून त्यांच्याकडे बघत राहतात. पहिला फटका नुसती वाळू उडवतो. दुसऱ्याला चेंडू वर येतो आणि पोरं टाळ्या वाजवतात.

भाच्याचा हात छान आहे, पण तो पुण्यात पाणी पाजलेल्या मऊ ग्रीनवर तयार झालाय. वेजने चेंडू उंच उडवायचा आणि झेंड्यापाशी अलगद टेकवायचा, ही त्याची सवय. इथे तसा उडालेला चेंडू वाऱ्यात हेलकावतो, ग्रीनवर टप्पा घेतो आणि टुणकन पलीकडच्या उंच गवतात जातो. असं चार वेळा झाल्यावर मास्तर सात नंबरची आयर्न काढतात, चेंडू गुडघ्याएवढाच उचलतात आणि ग्रीनच्या तीस यार्ड अलीकडे टाकतात. उंचवटा चढून, खळगा उतरून तो घरंगळत झेंड्याच्या बाजूला थांबतो. मास्तर भाच्याला एवढंच सांगतात की चेंडू जमिनीला टेकला तेव्हा अर्धाच खेळ झालेला असतो.

पश्चिमेचं टोक गाठून आम्ही वळतो. आता वारा पाठीशी आहे आणि समोर दूर समुद्रातून बॅस रॉक वर आलाय. त्याचा वरचा भाग पांढराफटक दिसतो. ती गॅनेट पक्ष्यांची वस्ती.

तेरावं होल, 'पिट'. फेअरवे आणि ग्रीन यांच्यामधून कमरेएवढा दगडी गडगा गेलाय आणि ग्रीन त्याच्या पलीकडे खोलगटात दडलंय. गडगा म्हणजे अगदी आमच्या परसातला, दगडावर दगड. माझा चेंडू नेमका त्याच्या अलीकडे एक हातावर थांबतो.

"काका, आता?"

"आता मागे."

फुकटची सवलत नाही. मी ग्रीनकडे पाठ करून चेंडू आलो त्या दिशेला मारतो, मग पुन्हा पुढे येऊन गडग्यावरून पलीकडे टाकतो. सात फटके. मास्तर माझ्याकडे न बघता वहीत आकडा लिहितात.

पंधरावं 'रेडॅन'. क्रिमियाच्या युद्धातल्या सेव्हास्तोपोलच्या तटबंदीवरून पडलेलं नाव, आणि या होलच्या नकला जगभर झाल्यात. सुमारे १९० यार्ड. ग्रीन तिरपं बसलंय आणि खेळणाऱ्यापासून लांब, डावीकडे मागे उतरत गेलंय. डाव्या अंगाला पुढे खोल बंकर. टीवरून ग्रीन धड दिसतही नाही. सरळ झेंड्यावर मारावं तर बंकर, नाहीतर पलीकडे घसरण.

भाचा काढलेला क्लब परत ठेवतो, दुसरा घेतो. झेंड्याच्या बऱ्याच उजवीकडे, बुटका फटका. चेंडू ग्रीनच्या अलीकडे टेकतो, एकदा उसळतो, डावीकडे वळायला लागतो आणि उंचवट्याआड जातो.

कोणी बोलत नाही. भाचा बॅग खांद्याला मारून निघतो. चालता चालता त्याची पावलं धावायला लागतात. वर पोचल्यावर तो बंकरमध्ये डोकावतो, मग मान वर करतो.

"मामा! वर आहे!"

झेंड्यापासून सात पावलं. तिथून चेंडू होलमध्ये घालायला त्याला तीन फटके लागतात, पण ते त्याच्या गावीही नाही. तो पुन्हा पुन्हा मागे वळून चेंडू आलेली वाट बघतोय.

शेवटच्या होलच्या उजवीकडे गाड्या ओळीने लावल्यात. डॉक्टरांचा फटका तिकडे झुकतो, आम्ही चौघेही श्वास रोखतो. काच फुटत नाही. साडेनऊ झालेत, तरी सावल्या अजून ठळक आहेत. माझ्या सात फटक्यांच्या कृपेने मामा-भाचे एका होलने जिंकलेत.

गाडीपाशी बसून आम्ही बूट उलटे करतो. प्रत्येकातून चिमूट चिमूट वाळू पडते. मास्तर पाकिटातल्या नोटा मोजतायत.

"काका," भाचा मोजे झटकत विचारतो, "वेंगुर्ल्याला अशी जागा आहे?"

"जागा आहे," मी म्हणतो, "गडगासुद्धा आहे."