एक द्रव्य, एक पत्ता : जोडलेल्या माहितीचे महाजाल आणि आपला व्यवसाय

‘ब्राह्मी’ हे नाव उच्चारताच केरळातील वैद्याच्या डोळ्यांसमोर पाणथळ जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची वनस्पती उभी राहते. उत्तरेकडील अनेक बाजारांत मात्र त्याच नावाने गोलसर, वृक्काकार पानांची मण्डूकपर्णी विकली जाते. आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडियाने पहिलीस ब्राह्मी म्हणजे बॅकोपा मोनिएरी आणि दुसरीस मण्डूकपर्णी म्हणजे सेंटेला आशियाटिका असे स्वतंत्र स्थान दिले आहे. तरीही मागणीपत्रकावर केवळ ‘ब्राह्मी’ एवढाच शब्द असेल, तर पोत्यातून काय येईल हे सांगणे कठीण असते.

हा प्रश्न आपल्या शास्त्रास नवा नाही. निघंटुकारांनी प्रत्येक द्रव्याचे पर्याय दिले, तसेच एकच नाम अनेक द्रव्यांस लागू पडते हेही ओळखले. राजनिघंटूत तर एकार्थी, द्व्यर्थी, त्र्यर्थी अशा नामांसाठी स्वतंत्र वर्गच आहे. ‘अमृता’ म्हणजे गुडूची की हरीतकी, याचा निर्णय वैद्य संदर्भावरून करतो; संगणकास तो संदर्भ कळत नाही. हीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजे ‘सिमँटिक वेब’, अर्थात अर्थ जाणणारे महाजाल होय.

नामसाम्याची किंमत

नामसाम्य किती घातक ठरू शकते याचे उदाहरण बेल्जियममधील आहे. १९९० नंतरच्या दोनतीन वर्षांत ब्रुसेल्स येथे वजन घटविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत चिनी वनौषधींचा समावेश होता. त्यांपैकी ‘फांग-जी’ या नावाने स्टेफॅनिया टेट्रांड्रा ही वनस्पती अपेक्षित होती. प्रत्यक्षात आली ती त्याच नावाने ओळखली जाणारी ॲरिस्टोलोकिया फांगची. हिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल वृक्कांस घातक असते. १९९३ साली तरुण स्त्रियांमधील वृक्कविकाराचे पहिले वृत्त वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे बाधित रुग्णांची संख्या शंभरावर गेली. अनेकींना वृक्करोपणास सामोरे जावे लागले, तर काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील ईश्वरी ही याच ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील आहे, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जोडलेली माहिती म्हणजे काय?

महाजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००१ साली दोन सहकाऱ्यांसह सिमँटिक वेबची कल्पना विस्ताराने मांडली आणि २००६ साली ‘लिंक्ड डेटा’ म्हणजे जोडलेल्या माहितीचे चार नियम सांगितले. पहिला नियम : प्रत्येक वस्तूस नावाऐवजी स्वतंत्र पत्ता द्यावा. दुसरा : तो पत्ता महाजालावर उघडता येण्याजोगा असावा. तिसरा : पत्ता उघडला असता त्या वस्तूविषयी उपयुक्त माहिती प्रमाण स्वरूपात मिळावी. चौथा : त्या माहितीत इतरांनी दिलेल्या पत्त्यांशी दुवे असावेत.

येथे पत्ता हा संकेतस्थळाच्या पानाचा नसून प्रत्यक्ष वस्तूचा असतो. तो मनुष्याने उघडला तर वाचनीय पान दिसते; संगणकाने मागितला तर त्यास समजेल अशी माहिती मिळते.

ही माहिती लिहिण्याच्या पद्धतीस ‘आर.डी.एफ.’ म्हणतात. तिचे मर्म व्याकरण जाणणाऱ्यास सहज उमगेल. प्रत्येक विधान तीन पदांचे असते : ज्याविषयी बोलायचे ते, त्याचा संबंध आणि ज्याच्याशी संबंध आहे ते. ‘सारस्वतारिष्ट – घटकद्रव्य – ब्राह्मी’ हे एक विधान. ‘ब्राह्मी – वनस्पती – बॅकोपा मोनिएरी’ हे दुसरे. ‘बॅकोपा मोनिएरी – पूर्वीचे नाव – हर्पेस्टिस मोनिएरा’ हे तिसरे. तिन्ही विधाने तीन निरनिराळ्या संस्थांनी प्रसिद्ध केली असली, तरी मधले पत्ते समान असल्यामुळे संगणक ती एकत्र ओवू शकतो. वनस्पतिशास्त्रज्ञांनी नाव बदलले, कुळ बदलले, तरी पत्ता बदलत नाही. जुन्या ग्रंथातील उल्लेख व नवा शोधनिबंध एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

अशा भांडारास प्रश्न विचारण्याची ‘स्पार्कल’ नावाची भाषा आहे. ती २००८ साली प्रमाण ठरली. ‘ज्या कल्पांत बॅकोपा आहे, त्यांतील अन्य घटकांची यादी द्या’ असा प्रश्न तीत विचारता येतो. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटा या मुक्त भांडारात प्रत्येक वनस्पतीस स्वतंत्र क्रमांक असून मराठीसह अनेक भाषांतील नावे त्यास जोडता येतात. व्याधींच्या बाबतीतही पाऊल पडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीस महाजालावर असाच पत्ता आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधींसाठीच्या विभागाचे प्रकाशन जानेवारी २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे झाले.

प्रसिद्धीच्या पाच पायऱ्या

माहिती प्रसिद्ध करण्यास मोठी यंत्रणाच हवी असे नाही. बर्नर्स-ली यांनी २०१० साली पाच पायऱ्या सांगितल्या. फार्मसीचे उदाहरण घेऊ. द्रव्यसूचीचे छायाचित्र मुक्त परवान्याने महाजालावर ठेवले, ही पहिली पायरी. तीच सूची एक्सेलच्या रकान्यांत दिली, ही दुसरी. कोणत्याही विशिष्ट कंपनीच्या प्रणालीवाचून उघडेल अशा साध्या स्वरूपात दिली, ही तिसरी. प्रत्येक द्रव्यास स्वतंत्र पत्ता दिला, ही चौथी. आणि तो पत्ता इतर मान्य भांडारांतील पत्त्यांशी जोडला, ही पाचवी. बहुतेक फार्मसींस तिसऱ्या पायरीपर्यंत स्वबळावर जाता येईल.

सावधगिरी

दोन पत्ते ‘सर्वथा एकच’ आहेत असे सांगणारा दुवा या पद्धतीत आहे. तो अत्यंत जपून वापरावा. कोणी अनवधानाने ब्राह्मी व मण्डूकपर्णी एकच ठरविल्या, तर एकीचे सर्व गुणधर्म दुसरीस चिकटतील आणि ती चूक पुढील प्रत्येक भांडारात पसरेल. प्रतिनिधी द्रव्य हे ‘प्रतिनिधी’ म्हणूनच नोंदवावे, ‘तेच’ म्हणून नव्हे. दुसरे असे की, दुवा म्हणजे प्रमाण नव्हे. विधान कोणी व कोणत्या आधारे केले हे पाहावेच लागते. तिसरे, रुग्णांची वैयक्तिक माहिती आणि फार्मसीची गोपनीय प्रक्रिया मुक्त भांडारात ठेवू नये.

आज करता येण्याजोगे

संगणकाचे ज्ञान नसलेल्या वैद्यासही पहिले पाऊल टाकता येईल. द्रव्यनोंदवहीत संस्कृत नाम, स्थानिक नाम, पूर्ण वनस्पतिनाम आणि प्रयोज्यांग यांसाठी चार वेगळे रकाने करावेत. काष्ठौषधी विक्रेत्याकडे मागणी नोंदविताना वनस्पतिनाम अवश्य लिहावे. प्रत्येक खेपेस क्रमांक द्यावा आणि एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या मालास देऊ नये. नोंदी अशा शिस्तीने ठेवल्या, तर पुढे त्या महाजालास जोडणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम उरेल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, गुराखी व वनवासी औषधींना नाम-रूपाने ओळखतात. परंतु केवळ तेवढ्याने औषधींचे पूर्ण ज्ञान होत नाही, योग जाणणाराच खरा तत्त्ववेत्ता. संगणक द्रव्याचा पत्ता अचूक सांगेल, योग मात्र वैद्यानेच जाणावयाचा आहे. पण पत्ताच चुकला, तर उत्तम योगही रुग्णास अपाय करील.