जुन्या फोटोंतले ओसाड घुमट

गोल घुमट, खुलताबादच्या कबरी, कार्ल्याची लेणी यांचे दीडशे वर्षांपूर्वीचे फोटो हल्ली पनवेलजवळच्या सुकापूरच्या घराघरांत मोबाइलवर पाहिले जातात. त्यांच्यासोबत काही पक्के समजही फिरतात.

गैरसमज : तेव्हा तिथे चिटपाखरूही नसे.

वस्तुस्थिती : कॅप्टन थॉमस बिग्ज यांनी 1855 मध्ये मुंबई सरकारसाठी विजापुरात फोटो काढले, ते कागदी निगेटिव्हवर. त्यावर प्रतिमा उमटायला भर उन्हातही काही मिनिटे लागत. तेवढ्यात समोरून चालत गेलेला माणूस फोटोत येतच नसे. आला तर धुरकट डाग म्हणून. कबरीवर फूल ठेवून परतणारी बाई किंवा अंगण झाडणारा मुजावर त्यात सापडणार नाही. असे फोटो नीट पाहा : झाडाचा बुंधा रेखीव, शेंडा मात्र पुसट, कारण वाऱ्याने पाने हलली. जी माणसे स्पष्ट दिसतात, ती बहुधा इमारतीची उंची कळावी म्हणून मुद्दाम उभी केलेली. म्हणून निर्मनुष्य फोटोवरून गाव ओसाड ठरवणे हा तिथे राहणाऱ्यांवर अन्याय आहे.

पांढऱ्याफटक आभाळाचेही तसेच. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत, त्यामुळे निळे आभाळही पांढरे उमटे.

गैरसमज : साहेब एकटाच कॅमेरा घेऊन हिंडे.

वस्तुस्थिती : काचेच्या ओल्या प्लेटवर काम असेल, तर ती वाळण्याआधीच फोटो काढून धुवावा लागे. म्हणजे अंधारा तंबू, बाटल्या, पाणी, काचा सगळे जागेवरच हवे. हे सामान घाटावर न्यायला रेल्वेही 1863 मध्येच सुरू झाली. त्याआधी मुंबईहून पुण्याकडे निघालेले अनेक प्रवासी आपल्या पनवेल बंदरात उतरून पुढे घाट चढत. हे सामान वाहणाऱ्या हमालांची आणि गाडीवानांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत, ही मला मोठी उणीव वाटते.

गैरसमज : ही सगळी इंग्रजांचीच करामत.

वस्तुस्थिती : मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 ची. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. हरिचंद चिंतामण एल्फिन्स्टन संस्थेच्या वर्गात फोटोग्राफी शिकले आणि पुढे मुंबईत व्यवसाय करू लागले. बिग्ज यांच्या फोटोंचा अहमदाबादच्या वास्तूंवरील 1866 चा ग्रंथ निघाला, तोही मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आश्रयाने.