भुसकी, पापडी आणि एक खारट गाव

आजोळी, उदगीरला, उडदाचं पीठ भिजवताना आजी पापडखाराची पुडी चिमटीत घेऊन नाक मुरडायची. "लोणारच्या खाराची सर नाही याला," म्हणायची. लोणार हे मला कित्येक वर्षं कुणा दुकानदाराचं आडनाव वाटत होतं. ते गाव आहे, आणि तेही आपल्या मराठवाड्याच्या उत्तरेच्या उंबरठ्यावर, जिंतूर-मंठ्याच्या पलीकडे बुलडाणा जिल्ह्यात, हे फार उशिरा कळलं.

उल्केने काळ्या बसाल्टात पाडलेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, जून २०२० मध्ये गुलाबी झालेलं त्यातल्या सरोवराचं पाणी, त्याच वर्षी मिळालेला रामसरचा दर्जा, हे वाचकांना पाठ आहे. माझं मन अडकलं ते खारात.

अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत लोणारला विष्णुगया म्हटलंय. पुढच्याच श्वासात तो सांगतो की इथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं सापडतं, आणि खाराच्या कामातून सरकारला चांगली जकात मिळते. देव आणि जकात एका दमात! लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं दैत्यसूदन मंदिर गावात उभं आहे. पण गावाने त्या असुराचं लवण काही टाकून दिलं नाही.

खाराचं गणित साधं आहे. विवराला बाहेर जायची वाट नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी खडकातला क्षार घेऊन आत उतरतं आणि उन्हाने उडून जातं. खार मात्र तिथेच राहतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की लोक दुर्गंधी चिखलात उतरून तो काढत. जुन्या नोंदींत त्याची वेगवेगळी नावं सापडतात: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. रसायनशास्त्राला हे सगळे सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ यांचे कमीजास्त मेळ. खार काढणाऱ्याला मात्र पापडी आणि भुसकी यांतला फरक बोटांना कळत असणार. काठावर खाराची ही भाषा आणि वरच्या अंगाला, गावाजवळ, धारेचं गोडं पाणी: एवढ्याशा जागेत दोन्ही.

साहेबांची नजर वेगळीच होती. १८२३ साली अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने विवराची नोंद केली आणि पुढे दीडशे वर्षं भांडण चाललं ते खड्डा कुणी पाडला यावर. बहुतेकांचं बोट ज्वालामुखीकडे. १८९६ साली गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचं साम्य दाखवलं. पण ॲरिझोनाचं विवरही त्याने वाफेच्या स्फोटाच्याच खात्यावर टाकलं. उत्तर हाताशी होतं, ते निसटलं. १९७३ साली फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी आघाताने काचरूप झालेली खनिजं दाखवली, तेव्हा पारडं उल्केकडे झुकलं. वयाचा वाद उरलाच: कुणी बावन्न हजार वर्षं म्हणतं, तर २०११ मधलं आर्गॉन-मोजमाप पावणेसहा लाखांच्या आसपास जातं.

या भांडणात मला एकच पान जिवंत वाटतं. ला टूश आणि क्रिस्टी या संशोधकांनी १९१२ साली सरोवरावर लिहिलं, त्यात खार हा विषय म्हणून आला आहे. बाकीच्यांनी आकाशाकडे किंवा पाताळाकडे पाहिलं. चिखलात उभ्या माणसाकडे फार थोड्यांनी. मला हा निव्वळ अन्याय वाटतो.

बेरार १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे गेला, लोणार आपल्यापासून कागदोपत्री तुटलं; पापडाचं नातं मात्र कागदावर कधी नव्हतंच. आता सरोवर अभयारण्य आहे आणि खार काढण्याचे दिवस सरले आहेत. सरोवर जपलं जातंय, हे बरंच झालं. नावं जपायला मात्र कुणी नेमलेलं नाही. नांदेड-लातूरकडे कुणाच्या आजीच्या तोंडी भुसकी किंवा खुप्पल अजून असेल, तर तो खार कशाला वापरायचे तेवढं तिला विचारून लिहून ठेवा.