सांगणारा एक, लिहिणारा दुसरा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

एखादं आत्मचरित्र हातात आलं की आपण आधी मुखपृष्ठ पाहतो, मग मधली छायाचित्रं पाहतो आणि मग वाचायला लागतो. या घाईत आतल्या पानावरची एक बारीक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ‘शब्दांकन’ असं लिहून तिथे एक नाव छापलेलं असतं. पुस्तकभर ‘मी, मी’ म्हणून नट, खेळाडू किंवा उद्योजक बोलत असतो. पण त्या ‘मी’ची वाक्यं लिहिलेली असतात या बारीक ओळीतल्या माणसाने. कधी कधी तर ती ओळही नसते. अशा न दिसणाऱ्या लेखकाला इंग्रजीत ‘घोस्ट रायटर’ म्हणतात. घोस्ट म्हणजे भूत. मी बरीच वर्षं हे काम करत आलो आहे. काही वेळा नाव छापून, काही वेळा न छापता. तेव्हा आजचं बोलणं हे एका भुताचं मनोगत समजा.

लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो असा: “पुस्तक एकाच्या नावावर आणि लिहिणार दुसरा, ही फसवणूक नाही का?” प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर देण्याआधी आपल्याच परंपरेकडे जरा पाहू. महाभारत व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गणपतीची अट होती की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय तू काही लिहायचं नाहीस. आपण ही कथा दोघांच्या चातुर्याची म्हणून ऐकतो. मला मात्र त्यात या व्यवसायातला पहिला करारनामा दिसतो. कामाला बसण्यापूर्वी दोघांनी आपापल्या अटी समोर ठेवल्या, आणि त्यातली व्यासांची अट तर आजही प्रत्येक शब्दांकनकाराने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

मराठीचंच घ्या. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांच्या सहवासातल्या माणसांना भेटून म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गोळा केल्या, म्हणून ‘लीळाचरित्र’ आपल्या हाती आलं. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. तिच्या अखेरीस सच्चिदानंदबाबा या ग्रंथाचे ‘लेखक’ झाले असा उल्लेख येतो. लेखक म्हणजे इथे लिहून घेणारा. त्या काळी या शब्दाचा अर्थ असाही होता, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

आता फसवणुकीचं उत्तर. ज्याने आयुष्य जगलं, गोष्ट त्याचीच असते. प्रत्येकाला लिहिता येतंच असं नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याची गोष्ट लिहिण्यात खोटेपणा काही नाही. खोटेपणा सुरू होतो तो लिहिण्याच्या गुणाचं श्रेय न लिहिणारा घेतो तेव्हा. अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी यांच्या ‘प्रोफाइल्स इन करेज’ या १९५६ च्या पुस्तकाला १९५७ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. पुस्तक खरं कुणी लिहिलं याची कुजबुज तेव्हापासूनच होती. केनेडींचे सहायक टेड सोरेन्सन यांनी २००८ मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगितलं की, बहुतेक प्रकरणांचे पहिले खर्डे त्यांनी केले होते. राजकारण्याचं भाषण दुसऱ्याने लिहिलं तर कुणी फारसं मनावर घेत नाही. पण इथे पारितोषिक लेखनाला मिळालं होतं, म्हणून प्रश्न उभा राहिला.

हे काम चालतं कसं, ते आता सांगतो. माणूस बोलताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. म्हणजे तासाभराच्या बोलण्याचे सहा-सात हजार शब्द होतात. एका मध्यम आकाराच्या पुस्तकासाठी वीस-पंचवीस तास तरी ऐकावं लागतं. ते ऐकून जसंच्या तसं उतरवायचं, मग सालवार टिपण तयार करायचं. स्मृती सालं विसरते, पण ऋतू आणि प्रसंग विसरत नाही. “धाकटी झाली त्या वर्षी” किंवा “मोठा पाऊस झाला तेव्हा” अशी उत्तरं येतात. त्यावरून आपण साल शोधायचं. शाळेचा दाखला, जुनी पत्रं, पगाराच्या पावत्या, लग्नपत्रिका मागून घ्यायच्या. आता मोबाइलवर तासन्‌तास ध्वनिमुद्रण होतं आणि बोललेलं आपोआप टंकूनही मिळतं. श्रम वाचले हे खरं. पण एखादा माणूस कुठल्या नावापाशी अडखळला आणि का गप्प झाला, हे समोर बसलेल्यालाच कळतं.

हे मी शिकलो ते मुंबईच्या एका गिरणी कामगाराकडून. त्यांचं नाव सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने मला बोलावलं. वडिलांच्या आठवणी पुस्तकरूपात याव्यात, नातवंडांसाठी शे-दोनशे प्रती काढू, असा त्याचा बेत होता. वडील साताऱ्याकडचे. विणाई खात्यात उमेदीची वर्षं काढलेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात हेही होते. लालबागच्या त्यांच्या खोलीत मी संध्याकाळी जायचो. छोटा टेपरेकॉर्डर मध्ये, पलीकडे ते, आणि चहा घेऊन येणाऱ्या वहिनी. अकरा कॅसेट भरल्या.

मी हौसेने संपाचं प्रकरण आधी लिहिलं. ‘संपाच्या वणव्यात एका पिढीची स्वप्नं होरपळली’ अशी सुरुवात केली आणि मोठ्या आवाजात वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, “सर, लिहिलंय झकास. पण हे मी बोललो कधी?”

घरी येऊन कॅसेट पुन्हा लावली. ते म्हणाले होते, “भोंगा बंद झाला. तरी पहाटे जाग यायचीच. मग उगाच डबा घासत बसायचो.” रिकामा डबा घासणारा माणूस मला टेपमध्ये मिळाला होता, आणि मी त्याला उचलून वणव्यात टाकलं होतं. भाषेच्या हौसेपायी मी त्यांच्या आयुष्यावर माझा निष्कर्ष चिकटवला होता. ते प्रकरण फाडलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी वाचून झाल्यावर ते काहीच बोलले नाहीत. आतून वहिनी म्हणाल्या, “असंच करायचे हे.” मला तेवढी पावती पुरली.

शब्दांकन म्हणजे बोलणं जसंच्या तसं छापणं असाही एक गैरसमज आहे. तसं छापलं तर वाचवत नाही. बोलताना आपण एकच गोष्ट तीनदा सांगतो, मध्येच दुसरीकडे वळतो, हातवारे करतो, आणि ते हातवारे काही कागदावर उतरत नाहीत. तेव्हा निवड करावी लागते, क्रम लावावा लागतो, वाक्यं बांधावी लागतात. मात्र शब्दांचा साठा सांगणाऱ्याचा हवा. जो माणूस आयुष्यात ‘अस्तित्व’ हा शब्द बोललेला नाही, त्याच्या तोंडी तो घालू नये. माझी एक साधी कसोटी आहे. मजकूर घरच्यांना वाचून दाखवावा. त्यांना त्यात आपल्या माणसाचा आवाज ऐकू आला तर काम जमलं.

प्रश्न कसा विचारावा, हीसुद्धा एक विद्याच आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र अ‍ॅलेक्स हेली यांनी शब्दबद्ध केलं. सुरुवातीला माल्कम त्यांच्यावर विश्वासच ठेवत नसत. आपली संघटना आणि तिचे प्रमुख यांच्यापलीकडे काही बोलत नसत. हेलींच्या लक्षात आलं की हा माणूस बोलता बोलता हाताशी येईल त्या कागदावर काहीतरी खरडतो. मग ते कॉफीबरोबर कागदी रुमाल मुद्दाम त्यांच्याजवळ ठेवू लागले आणि नंतर ते वाचू लागले. एका रात्री हेलींनी सहज विचारलं, तुमच्या आईबद्दल काही सांगाल का? माल्कम उठून येरझाऱ्या घालू लागले, आईच्या जुन्या विटलेल्या कपड्यांबद्दल बोलू लागले, आणि पहाटेपर्यंत बोलत राहिले. पुस्तकाला खरी सुरुवात त्या रात्री झाली.

पुढे १९६४ मध्ये माल्कम आपल्या संघटनेतून फुटले. ज्या प्रमुखांची आधीच्या प्रकरणांत भरभरून स्तुती केली होती, ती आता बदलावी असं त्यांना वाटू लागलं. हेलींनी विनवलं की तेव्हा तुम्हाला जे वाटत होतं ते तसंच राहू द्या. पुस्तक कुणाचं आहे, असं माल्कमनी रागाने विचारलंही. हेलींनी कबूल केलं की तुमचंच. थोड्या दिवसांनी माल्कमनी आपण होऊन सांगितलं की राहू दे. २१ फेब्रुवारी १९६५ ला त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी पुस्तक आलं. आज ते वाचताना एक माणूस बदलत कसा गेला हे दिसतं, ते या एका निर्णयामुळे. सल्ला देणं लिहिणाऱ्याचं काम; निर्णय मात्र सांगणाऱ्याचा.

कुणाला आपल्या किंवा वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या असतील, तर काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. सगळं आधी कागदावर ठरवा. मानधन एकरकमी की विक्रीतला वाटा, किती बैठका, किती वेळा दुरुस्त्या, नाव कुठे आणि कसं छापायचं, ध्वनिफिती शेवटी कुणाकडे राहणार. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वहक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते. हक्क विकला तरी लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा अधिकार कायदा लेखकाकडे ठेवतो. ‘घरचाच माणूस आहे, कागद कशाला’ म्हणून सुरू झालेली कामं पुढे भांडणात अडकलेली मी पाहिली आहेत. आणि छापण्यापूर्वी प्रत्येक पान सांगणाऱ्याला वाचून दाखवा. डोळ्यांनी दिसत नसेल तर ऐकवा. ज्या हयात माणसांची नावं येतात त्यांच्याबद्दलची विधानं दोनदा तपासा.

यातूनच सगळ्यात अवघड प्रश्न येतो. माझ्या त्या कामगारांनी नवव्या कॅसेटच्या मध्यावर मला सांगितलं, “सर, जरा टेप बंद करा.” मी बंद केला. त्यानंतर तासभर ते जे बोलले, ते त्या सगळ्या पुस्तकातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण झालं असतं. संपातली एक घरगुती गोष्ट होती ती. मी पुढे दोनदा विचारलं, “हे लिहू का? नावं बदलून लिहू.” ते म्हणाले, “नावं बदलली तरी ज्याला कळायचं त्याला कळेल. तो अजून आहे.” मला राग आला होता, हे कबूल करतो. इतकी चांगली गोष्ट हातची जात होती. पण ती माझी नव्हती. मी लिहिली नाही. ती काय होती हे मी आज इथेही सांगणार नाही. भुताला नाव नसलं तरी चालतं, इमान मात्र लागतं.

मराठीत शब्दांकनाचं एक उत्तम उदाहरण म्हणजे अभिनेत्री हंसा वाडकर यांचं १९७० सालचं ‘सांगत्ये ऐका’. ते शब्दबद्ध केलं अरुण साधू यांनी. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे साधू तेव्हा तरुण पत्रकार होते. श्याम बेनेगल यांचा १९७७ चा ‘भूमिका’ हा स्मिता पाटील यांचा चित्रपट या पुस्तकावर आधारलेला आहे. साधूंची स्वतःची शैली आपल्याला त्यांच्या कादंबऱ्यांतून ठाऊक आहे. इथे ती बाजूला राहिली आहे. बोलतात त्या हंसाबाई, आणि न आवरता, न सजवता बोलतात. पुस्तकाचं नाव १९५९ च्या त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचं आहे, पण शब्दांकन म्हणजे काय हे त्या दोन शब्दांत पुरतं आलं आहे. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं.

आपल्या घरोघरी अशी सांगणारी माणसं बसलेली आहेत. त्यांना लेखक मिळेलच असं नाही, आणि प्रत्येकाचं पुस्तक व्हावं असंही नाही. पण एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून, मोबाइल ध्वनिमुद्रणाला लावून, “तुमची आई कशी होती?” एवढं विचारून पाहा. मग मध्ये बोलू नका. आणि त्यांनी “जरा बंद कर” म्हटलं, तर लगेच बंद करा.