पाटीवरची पेन्सिल आणि फुप्फुसातील पहारेकरी

आपल्या पिढीने पहिले अक्षर गिरवले ते पाटीवर, दगडी पेन्सिलीने. मध्य प्रदेशातील मंदसौर परिसर या पेन्सिलींसाठी प्रसिद्ध होता. पेन्सिलीचा दगड यंत्राच्या करवतीने कापताना उडणारी धूळ कामगारांच्या श्वासावाटे आत जाई आणि कित्येकांना ‘सिलिकोसिस’ हा असाध्य रोग जडे. तो कसा जडतो, हे अक्षर शिकलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावे.

दगडाच्या धुळीतील स्फटिकरूप सिलिका हे या रोगाचे मूळ. मोठे कण नाकात व श्वासनलिकेत अडकतात. परंतु सुमारे 5 मायक्रॉनहून लहान, डोळ्यांना न दिसणारे कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे भक्षकपेशींचा पहारा असतो. परकी वस्तू गिळण्याचा पेशींचा हा गुण रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी 1882 साली तारामाशाच्या अळीत पाहिला. 1908 च्या नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी ठरले.

गिळलेल्या जंतूला भक्षकपेशी आपल्या पाचकरसाच्या पिशवीत नष्ट करते. सिलिका मात्र पचत नाही. उलट स्फटिकामुळे ती पिशवीच फुटते आणि पाचकरस पेशीत सांडतो. दाहाचे रासायनिक संदेश सोडून पेशी मरते. कण मात्र जसाच्या तसा उरतो. संदेशामुळे धावून आलेली दुसरी पेशी तोच कण गिळते आणि तीही मरते. या अखंड दाहामुळे फुप्फुसात कोलॅजेन साचून कठीण गाठी बनतात, लवचिकता जाते, धाप लागते. दुबळ्या झालेल्या भक्षकपेशींना क्षयाचे जंतूही आवरत नाहीत. कण आतच राहिल्याने काम सोडल्यावरही रोग वाढू शकतो.

पहारेकरी कर्तव्यात चुकत नाहीत. शत्रूच असा आहे की तो मरत नाही. म्हणून खरा उपाय शरीराबाहेर आहे. दगड ओला करून कापणे, धूळ शोषणारी यंत्रे बसवणे, योग्य मुखपट्टी देणे आणि कामगारांची नियमित तपासणी करणे, हा तो उपाय होय.

दगडखाणीत वा खडीकेंद्रावर राबणाऱ्या माणसाचा जुनाट खोकला पुष्कळदा केवळ क्षय समजला जातो. अशा वेळी घरातील शिकलेल्या मुलाने डॉक्टरांना रुग्णाच्या कामाचा इतिहास आवर्जून सांगावा. 1948 च्या कारखाने अधिनियमाने या रोगाची नोंद कळवणे बंधनकारक केले होते. भरपाईच्या हक्काचा मार्गही योग्य निदानातूनच जातो. हा रोग नशिबाचा भोग नव्हे. त्याला कारण आहे, आणि ते कारण दूर करता येते.