मीटरचा दिवा लुकलुकतो तेव्हा

गेल्या हिवाळ्यात विजेचं बिल दीडपट आलं आणि घरात चोराचा शोध सुरू झाला. अम्मीचा संशय सुनेच्या वॉशिंग मशीनवर, सुनेचा माझ्या रात्रीच्या दिव्यावर. कवीचा दिवा बदनाम व्हायला वेळ लागत नाही!

मी आधी बिलावरचं रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं. सरासरीनं बिल लावलं असेल तर ते इथंच कळतं. आकडे बरोबर होते. मग हिशेब मांडला. १००० वॉट तासभर वापरले की १ युनिट. माझा ९ वॉटचा दिवा रोज ४ तास जळला, तरी महिन्याला जेमतेम १ युनिट. मी सुटलो.

रात्री फ्रिजसकट सगळं बंद केलं, तरी मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता. म्हणजे वीज कुठंतरी जात होती. (अशा वेळी काहीच सापडलं नाही, तर वायरमनला बोलवावं, वायरिंगमध्ये दोष असू शकतो.) आमच्याकडे सापडला गिझर. त्याचा दिवा केव्हाच गेलेला, बटण मात्र चालू. पाणी निवलं की तो आपोआप पुन्हा तापवत बसे, कुणी वापरो न वापरो. त्यात महिन्याला १०० युनिटांपुढचा दर चढा.

अम्मी पहाटे वुजूसाठी पाणी तापवते. तिला हल्ली अंधूक दिसतं. मी काही बोललो नाही. आता पहाटे मीच उठतो, १५ मिनिटं गिझर लावतो, म्हणजे अर्धं युनिट, आणि बंद करून तिला हाक मारतो.